सकाळचा खिळा, दुपारचा खिळा

एल्फेज डुफ्रेनची होडी परत येत नाही, असं आमच्या खाडीकाठी म्हणत असत. परत येत नाही म्हणजे बुडते असं नव्हे. गळते म्हणून, सांधा सुटला म्हणून कुणी ती पुन्हा त्याच्या अंगणात ओढून आणत नाही, असा त्याचा अर्थ. सायप्रसच्या लाकडाच्या होड्या बांधायला त्याला बापाने शिकवलं होतं. बापाची परीक्षा एकच असे. दोन फळ्यांच्या सांध्यावर तो आपल्या डोक्यातला एक केस उपटून धरायचा. केस आत गेला तर फळी काढायची आणि पुन्हा रंधा मारायचा. बापाच्या डोक्यावर शेवटी शेवटी फारसे केस उरले नव्हते, आणि ते सांध्यांपायी गेले असं तो हसत सांगायचा.

पुढे फायबरच्या होड्या आल्या. एल्फेजच्या अंगणात सायप्रसचा वास येईनासा झाला. पण लुईझियानाच्या या टोकाला वादळं येतात आणि घरं पडतात, त्यामुळे सुताराला कामाची कमतरता नसते. प्रत्येक मोठ्या वादळानंतर लोक आपली घरं आधीपेक्षा उंच खांबांवर चढवत गेले, आणि घर वर गेलं की त्याला पायऱ्या लागतात, बसायला डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, लागतो. एल्फेज डेक बांधू लागला. औषध मुरवलेल्या पाइनच्या ओल्या फळ्या यायच्या. त्या एकमेकींना घट्ट चिकटवून ठोकायच्या. वाळल्या की त्या आपसूक आकसायच्या आणि पाणी जायला हवी तेवढी फट पडायची. खाडीवरचा प्रत्येक सुतार असंच करत असे. दुसरं काही करायचं असतं हे कुणाला सुचलंही नव्हतं.

मागच्या वादळाने गावच्या हॉलचा मागचा डेक उचलून नेला. हॉल पत्र्याचा आणि साधा, पण पंधरा ऑगस्टला, मारियेच्या सणाला, चर्चमध्ये मिसा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, झाली की सगळं गाव त्याच डेकवर नाचतं. हॉलच्या कमिटीची प्रमुख मिस इर्लीन; आमच्याकडे थोरल्या बायकांना, लग्न झालेल्यांनाही, मिस म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं दूर होती, त्यामुळे तिचा सगळा जीव हॉलमध्ये. यंदा लाकूड नको, असं तिने बैठकीत स्पष्ट सांगितलं. भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या कंपोझिट फळ्या आणायच्या.

"दर दोन वर्षांनी बुरशी घासायची, तेल लावायचं, वर आलेले खिळे ठोकायचे," ती म्हणाली. "त्यासाठी गुडघे लागतात. या कमिटीत धड गुडघा एकाचाही नाही."

फळ्या आल्या. हलक्या राखाडी रंगाच्या, कारण गडद फळीवर उन्हात पोरांचे तळवे भाजतात एवढं मिस इर्लीनला ठाऊक होतं. काम अर्थातच एल्फेजकडे आलं. मदतीला त्याची धर्मकन्या क्लोडेट. ती चाळिशीची, गोदीत वेल्डिंग करणारी. तिच्या बाप्तिस्म्याला एल्फेजने तिला हातावर घेतलं होतं, तेव्हापासून तो तिचा पारें, म्हणजे धर्मपिता.

फेब्रुवारीतल्या गार सकाळी दोघांनी काम सुरू केलं.

"पारें, फळ्यांबरोबर आलेल्या या कागदावर लिहिलंय की टोकाला टोक लावताना फट ठेवा," क्लोडेट म्हणाली.

एल्फेजने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते ज्यांना सांधा जमत नाही त्यांच्यासाठी लिहितात."

"आणि खाली हवा खेळू द्या, असंही लिहिलंय."

"मग खाली साप शिरतील आणि मिस इर्लीन मला हाक मारेल. चारी बाजू बंद कर."

आठवडाभरात डेक तयार झाला. कागदाचं पानही आत सरकू नये असा एकजीव. एल्फेजने एका सांध्यावर आपला पांढरा केस धरून पाहिला आणि तो आत गेला नाही. फादरनी येऊन पवित्र पाणी शिंपडलं, ते पाणी तिथेच थेंब थेंब राहिलं. बायको व्हर्ना म्हणाली, "हे जरा बोटीसारखंच दिसतं, नाही?" एल्फेजला ती स्तुती वाटली.

मे महिन्यातल्या पहिल्या खऱ्या उन्हाळी रविवारी, मिसेनंतर, मिस इर्लीन बटाट्याच्या सॅलडचं मोठं पातेलं घेऊन हॉलमधून बाहेर आली. डेकच्या मधोमध तिचा पाय कशाला तरी अडखळला. पातेलं गेलं, आणि बाई मात्र दोघांनी धरल्यामुळे वाचली. सगळ्यांनी खाली पाहिलं. दोन फळ्यांची टोकं एकमेकींना ढकलत घराच्या छपरासारखी उभी राहिली होती. पलीकडे आणखी एक जोडी. त्यापलीकडे आणखी. फळ्या खालून धरून ठेवणाऱ्या क्लिपा सुटून बाहेर आल्या होत्या.

आल्से शेरामीचं मासेमारीच्या गळाला लावायच्या आमिषाचं दुकान आहे, आणि त्याला कुठलीही गोष्ट मनात ठेवता येत नाही. तो डेकच्या कडेला उभा राहून म्हणाला, "एल्फेज, होड्या बांधायचं थांबलास म्हणून लाटाच गावात आणल्यास होय?"

लोक हसले. एल्फेजही हसला, कारण न हसता तिथे उभं राहणं त्याहून अवघड होतं. घरी आल्यावर तो जेवला नाही. त्याच्या हातचं काहीतरी पहिल्यांदाच परत आलं होतं.

त्या आठवड्यात कमिटी बसली. मिस इर्लीनने आवाज चढवला नाही. तिने आवाज चढवला असता तर एल्फेजला बरं वाटलं असतं.

"वरच्या शहरातल्या शाळेचा हॉल मिळतोय," ती म्हणाली. "तिथे एसी आहे. यंदाचा सणाचा नाच तिकडे न्यावा असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे."

"आणि पुढच्या वर्षी?" एल्फेजने विचारलं.

मिस इर्लीनने समोरचे कागद गोळा केले. एकदा एसीत नाचलेलं गाव पुन्हा पत्र्याच्या हॉलकडे वळणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. नाच गेला की हॉलला कुलूप, आणि हॉलला कुलूप लागलं की इथे फक्त चर्च आणि आल्सेचं दुकान उरणार.

"मी सगळा उचकटतो," एल्फेज म्हणाला. "आणि पुन्हा घालतो. सणाच्या आत."

"पुन्हा उठला तर?"

"तर मी स्वतः बाजावाल्यांचं सामान गाडीत घालून तिकडे पोचवीन."

मिस इर्लीनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेत ती त्याच्या दोन वर्ग पुढे होती, आणि तेव्हाही ती अशीच पाहायची. "बरं," ती म्हणाली. "तुझा शब्द."

दुसऱ्या दिवशी त्याने उरलेली एक अख्खी फळी आपल्या अंगणात सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली. तिचं एक टोक कुंपणाच्या खांबाला टेकवलं, आणि दुसऱ्या टोकापाशी जमिनीत एक खुंटी अशी ठोकली की फळी तिला जेमतेम शिवेल. मग तो पहाटे उठून तिच्याकडे जायचा, दुपारी जायचा, संध्याकाळी जायचा.

"आपली मुलं तान्ही असताना तू इतक्यांदा उठला नाहीस," व्हर्ना खिडकीतून म्हणाली.

"मुलं वाढताना दिसत नव्हती. ही दिसते."

व्हर्ना कॉफीचा कप घेऊन खाली आली. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. पहाटे खुंटीपासून किंचित दूर असलेली फळी आता तिला टेकून नुसती राहिली नव्हती, तिने खुंटी तिरपी केली होती. व्हर्नाने फळीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"बिस्किटाच्या तव्यासारखी तापलीय."

एल्फेज तिथेच मातीत उकिडवा बसला. जन्मभर त्याने पाण्याचा विचार केला होता. लाकूड पाणी पितं आणि रुंदीला फुगतं, वाळलं की आकसतं. लांबीला ते फारसं हलत नाही, म्हणून टोकाला टोक भिडवलं की झालं. ही फळी पाण्याला भीक घालत नव्हती. ती उन्हाने वाढत होती, आणि तेही लांबीला. फेब्रुवारीच्या गारठ्यात, ती सगळ्यात आखूड असताना, त्याने तिला केसभर जागा ठेवली नव्हती. मग मे महिन्यात ती वर जाणार नाही तर कुठे जाणार?

"मी तिला होडी समजलो," तो म्हणाला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं बोटीसारखं दिसतं."

"ते तू कौतुकाने म्हणालीस ना?"

"मी नुसतं म्हणाले," व्हर्ना म्हणाली. "कौतुक तू केलंस."

जुलैत दोघांनी डेक उचकटला. आधी डेकखालच्या चारी बाजू बंद करणाऱ्या फळ्या काढल्या. आतून कुबट, दमट हवेचा असा भपकारा आला की क्लोडेट मागे सरकली. तुळयांवर काळे डाग पडू लागले होते. एल्फेजने ते खरवडून पुसले, प्रत्येक तुळईच्या माथ्यावर डांबरी चिकटपट्टी लावली, आणि बाजूला आता उभ्या विरळ पट्ट्या मारल्या, वारा आरपार जाईल पण कुत्रं शिरणार नाही अशा.

फट किती ठेवायची, हा खरा प्रश्न होता. कागदावर तक्ता होता. क्लोडेटने तो वाचून दाखवला आणि या वेळी एल्फेजने नीट ऐकला. त्यातून त्याने आपल्या हाताला कळेल असं एक साधन केलं. दोन खिळे घेतले, एक जाड आणि एक बारीक, आणि दोन्ही दोरीत ओवून गळ्यात घातले. सकाळी फळ्या गार आणि आखूड, म्हणून दोन टोकांमध्ये जाड खिळा उभा धरायचा, फळी पक्की करायची आणि खिळा काढून घ्यायचा. दुपारी फळ्या तापून आधीच लांब झालेल्या, म्हणून बारीक खिळा. फळ्या पत्र्याच्या सावलीत रचून ठेवायच्या, म्हणजे काही उन्हात भाजलेल्या आणि काही गार असं व्हायचं नाही.

आल्से रोज एकदा येऊन बघून जायचा. "गळ्यात खिळे घालून फिरतोस, एल्फेज? फादरना सांगू का, नवा संत मिळाला म्हणून?"

"संत व्हायला आधी मरावं लागतं. सण होऊ दे, मग बघू."

जुलैची हवा ओल्या चादरीसारखी अंगाला चिकटत होती. दुपारी व्हर्ना भात आणि पांढऱ्या घेवड्याची उसळ घेऊन यायची, सॉसेजचे तुकडे घातलेली, आणि बर्फाचा चहा. तिघं हॉलच्या पायरीवर बसून जेवायची.

एका दुपारी जोराची सर येऊन गेली. ती थांबल्यावर दोघं पुन्हा कामाला लागली. एक अख्खी ओळ झाली, तेव्हा क्लोडेट गुडघ्यावर बसून राहिली. पुढची फळी तिने हातात घेतली नाही.

"पारें, कुठला खिळा वापरलात?"

"बारीक. दुपार आहे."

"फळीला हात लावा."

त्याने लावला. फळी गार होती. पावसाने तिचं ऊन काढून घेतलं होतं. घड्याळात दुपार होती, पण फळीच्या अंगात सकाळ होती.

क्लोडेटला वाटलं, तो आता म्हणेल की एवढ्याने काय होतंय. फेब्रुवारीतला एल्फेज तसं म्हणाला असता. हा एल्फेज थोडा वेळ हात तसाच फळीवर ठेवून बसला, आणि मग त्याने स्क्रू काढायचं मशीन मागितलं.

"आख्खी ओळ?" तिने विचारलं.

"आख्खी ओळ. आणि उद्यापासून मला वेळ सांगू नकोस. मी आधी हात लावीन आणि मग खिळा निवडीन."

सणाच्या आदल्या आठवड्यात डेक पुरा झाला. या वेळी तो एकजीव दिसत नव्हता. टोकांपाशी बारीक काळ्या रेघा दिसत होत्या, आणि काही जणांना ते काम सैल वाटलं. आल्सेने एका फटीत आपल्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड उभं खोचून दाखवलं. एल्फेजने ते काढून त्याच्या खिशात ठेवलं.

"पंधरा तारखेला दुपारी खोचून दाखव," तो म्हणाला.

पंधरा ऑगस्टला सकाळपासून झाडाचं पान हलत नव्हतं. मिसा झाली. मारियेची मूर्ती खांद्यावर घेऊन लोक धक्क्यापर्यंत गेले. फादरनी होड्यांवर पाणी शिंपडलं, गाणी झाली आणि सगळे घामाने निथळत हॉलवर परतले. डेकच्या अर्ध्या भागावर जुनी शिडं ताणून सावली केली होती. बाकीचा अर्धा सकाळपासून उन्हात तापत पडला होता.

एल्फेज पोचला तेव्हा आल्से आणि त्याचा भाऊ गॅसची मोठी शेगडी उचलून डेकवर चढवत होते. मागे खेकड्यांच्या टोपल्या, मक्याची कणसं, बटाटे.

"ती खाली," एल्फेज म्हणाला.

"काय खाली? आजवर आपण डेकवरच खेकडे उकडलेत. तुझ्या बापानेही."

"माझ्या बापाचा डेक लाकडाचा होता. तो जळून काळा व्हायचा आणि आपण त्यावर चटई टाकायचो. हा वितळेल, आणि तू त्यात खेकड्यासकट चिकटशील."

"मग तुझा हा डेक आहे कशाला?"

"नाचायला."

आल्सेने भावाकडे पाहिलं, मग शेगडीकडे. तो पुटपुटत मागे फिरला, आणि शेगडी शिंपल्यांच्या भुग्याच्या अंगणात मांडली गेली. तिथे सावली नव्हती. उकडणारे आणि उकडले जाणारे यांत फारसा फरक उरणार नव्हता, असं तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला.

दोन वाजता ऊन ऐन भरात आलं. बाजावाल्यांनी अकॉर्डियन बाहेर काढला होता, पण वाजवायला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं डेकच्या कडेला उभी होती. मिस इर्लीन हॉलच्या दारातून निघाली, आणि उघड्या, उन्हातल्या भागावरून सावकाश चालत पलीकडच्या टोकापर्यंत गेली. तिथून दुसऱ्या ओळीवरून परत आली. तिची नजर खाली होती. एल्फेजचीही.

मग तो मधोमध गुडघ्यावर बसला आणि सांध्यावरून बोट फिरवलं. काळी रेघ जवळजवळ मिटली होती. टोकं एकमेकींपाशी येऊन थांबली होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. त्याने दुसरा सांधा पाहिला, मग तिसरा, आणि मग पावसाच्या दुपारी उचकटून पुन्हा घातलेल्या ओळीतले सगळे. तिथेही तसंच.

"आल्से," त्याने न उठता हाक मारली. "कार्ड आण."

आल्से आला, वाकला, कार्ड उभं धरलं. ते आत जाईना. त्याने दोन-तीन ठिकाणी प्रयत्न केला, कार्डाचा कोपरा दुमडला, आणि तो उभा राहिला.

"कार्ड जाड झालंय," तो म्हणाला. "दमट हवा."

मिस इर्लीनने बाजावाल्यांकडे हात केला.

त्यानंतर जे झालं ते गावाने वादळानंतर पाहिलं नव्हतं. आधी वॉल्ट्झ झाले, जाणत्या जोडप्यांचे, मग दोन पावलांचे जलद नाच, आणि मग पोरांचा नुसता धिंगाणा. बुटांचा आवाज एकसारखा, भरीव येत होता. कुठे पोकळ नाही, कुठे खडखड नाही.

चारच्या सुमारास खाडीपलीकडे ढग काळे झाले, आणि पाऊस असा कोसळला की सगळे धावत पत्र्याखाली गेले. तापलेल्या डेकवर गार पाणी पडलं, आणि त्यातून आवाज येऊ लागले. टक. टक टक. कुठे इथे, कुठे तिथे, जणू खालून कुणी बोटाने ठोकतंय. मिस इर्लीनने छातीवर क्रुसाची खूण केली.

"उठतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

एल्फेज पावसात बाहेर गेला. व्हर्नाने त्याला अडवलं नाही. तो डेकच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, सदरा अंगाला चिकटलेला, आणि खाली वाकून बघत राहिला. पाणी कुठे साचत नव्हतं. पडत होतं तसं फटींतून खाली जात होतं. सांध्यांच्या रेघा हळूहळू उघडत होत्या. फळ्या आखडून आपापल्या जागी मागे सरकत होत्या, आणि ते टकटक त्यांचंच होतं.

तो वळला. पत्र्याखाली दाटीवाटीने उभं असलेलं सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"उठत नाहीये," तो म्हणाला. "बसतोय."

सर ओसरली. पुन्हा ऊन आलं, डेकवरून वाफ निघाली आणि थोड्याच वेळात पाय टेकला तर घसरणार नाही इतका तो कोरडा झाला. मिस इर्लीनने माइक हातात घेतला. एरवी ती आभारांना फार वेळ घेते. या वेळी ती एवढंच म्हणाली की शहरातल्या शाळेला तिने सकाळीच फोन करून नाही कळवलं होतं.

एल्फेजने चमकून तिच्याकडे पाहिलं. सकाळी, म्हणजे ऊन चढायच्या आधी. म्हणजे डेकवरून चालून पाहायच्याही आधी. मिस इर्लीन माइक परत देत होती आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

"सदरा बदल," व्हर्ना म्हणाली. "की असाच नाचणार आहेस?"

"असाच."

तिने त्याचा ओला हात धरला. बाजा सुरू झाला. पहिल्या फेरीत एल्फेज खालीच बघत होता, आणि व्हर्ना त्याला वळवत राहिली. दुसऱ्या फेरीत क्लोडेट आल्सेला ओढत त्यांच्या शेजारून गेली. आल्सेच्या अंगाला खेकड्यांच्या मसाल्याचा वास येत होता आणि त्याची पावलं साफ चुकत होती. पुढच्या महिन्यात आपल्या घराचा डेक बघायला ये, असं तो नाचता नाचताच एल्फेजला सांगत होता.

"एप्रिलमध्ये येतो," एल्फेज म्हणाला.

"एप्रिल कशाला? आता काय झालं?"

पण तोवर, फळी ना गारठलेली ना तापलेली असे दिवस मनाशी मोजत, एल्फेज व्हर्नाबरोबर पुढे निघून गेला होता.